डोकं दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



डोकेदुखीसाठी आलेला माणूस तपासून झाला की उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतो, "डॉक्टर, डोक्यात गाठबिठ तर नसेल ना?" बरोबरची माणसं तर तेवढ्यासाठीच आलेली असतात. ही भीती मनात असेपर्यंत पुढचं काहीही कानात शिरत नाही, म्हणून आज मी सुरुवात तिथूनच करते.

वर्षानुवर्षं येणारी, दर वेळी तशीच दुखणारी आणि मधल्या दिवसांत माणसाला ठणठणीत ठेवणारी डोकेदुखी मेंदूतल्या गाठीमुळे असणं फार क्वचित. गाठीचं दुखणं आठवड्यागणिक वाढत जातं आणि बहुधा एकटं राहत नाही. एका हातातली ताकद कमी होते, बोलताना शब्द सापडत नाहीत, फीट येते, एकाच्या जागी दोन दिसतं, घरच्यांना माणूस बदलल्यासारखा वाटतो. यातलं काही नसेल आणि तपासणीही स्वच्छ असेल, तर दहा वर्षांच्या जुन्या दुखण्यासाठी एमआरआय काढून बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही.

मग घाबरायचं कधी? डोकेदुखी मिनिटाभराच्या आत शून्यावरून टोकाला पोचली तर. असं डोकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं, असं माणूस सांगतो; कधी त्याबरोबर उलटी होते, शुद्ध हरपते. मेंदूभोवतीची रक्तवाहिनी फुटली असण्याची शक्यता तिथे असते. त्या वेळी बाम चोळत बसू नका, सकाळपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन होतो अशा रुग्णालयात जा. तापाबरोबर मान ताठ झाली, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला, तरीही तेच. आपल्या देशात क्षयाचा मेंदूज्वर अजून आहे आणि तो चोरपावलांनी येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, रोज डोकं दुखणं, भूक मरणं, चिडचिड. घरचे त्याला अशक्तपणा म्हणतात आणि मोलाचे दिवस निघून जातात.

बाळंतिणीच्या डोकेदुखीकडे तर मी हात जोडून लक्ष वेधते. सिझेरियनसाठी पाठीत भूल दिलेली असेल आणि उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं, तर ते भुलेच्या सुईमुळे असतं आणि बरं होतं. तरी डॉक्टरांच्या कानावर घालावंच. पण प्रसूतीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात डोकं सतत आणि वाढत दुखत असेल, त्यात उलट्या, धूसर दिसणं किंवा फीट असेल, तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. शरीरातलं पाणी कमी झालं की हा धोका वाढतो. म्हणून बाळंतिणीला पाणी बेतानं देण्याची रीत ज्या घरांत असेल, तिथे ती बंद करा. गरोदरपणाच्या उत्तरार्धात जोराचं डोकं दुखलं तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या.

आणखी एक चित्र लक्षात ठेवा. सत्तरीचे एक गृहस्थ आले होते. आयुष्यात डोकं दुखलं नाही आणि आता महिनाभर कानशील दुखतंय, म्हणाले. केस विंचरतानाही हुळहुळतं. मी विचारलं, जेवण कसं आहे? तर म्हणाले, "भाकरी चावताना जबडा भरून येतो. थोडं थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चावलं की पुन्हा तेच." कानशिलावर बोट ठेवलं तर तिथली धमनी जाड आणि दुखरी लागत होती. या आजारात धमनीलाच सूज येते. ती सूज डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत गेली तर दृष्टी जाते आणि गेलेली परत येत नाही. ईएसआर नावाची साधी रक्ततपासणी इथे दिशा दाखवते आणि स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करावं लागतं. हा आजार आपल्याकडे कमी आढळतो, पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या डोकेदुखीची चौकशी झालीच पाहिजे. म्हातारं माणूस पडलं, तेव्हा काही झालं नाही आणि तीन-चार आठवड्यांनी डोकं दुखू लागलं, पावलं अडखळू लागली, तर ते पडणं डॉक्टरांना आठवणीनं सांगा. कवटीखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. डोळा लाल होऊन दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात आणि उलट्या होतात, ते काचबिंदूचं दुखणं असू शकतं. त्यालाही उद्याची वाट पाहायची नसते.

हे सारं महत्त्वाचं आहे, पण डोकेदुखीच्या एकूण पसाऱ्यात ते थोडं आहे. वारंवार डोकं दुखणाऱ्या बहुसंख्य माणसांत डोकेदुखी हाच आजार असतो, दुसऱ्या कशाचं लक्षण नसतं. तिथे स्कॅन काही सांगत नाही, रक्त काही सांगत नाही. निदान होतं ते माणसाच्या हकिगतीवरून. त्या हकिगतीत मी एक प्रश्न कधीच गाळत नाही. डोकं दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?

एक शिक्षिका आल्या होत्या. वय अडतीस-चाळीस. कापडी पिशवीतून त्यांनी एकेक कागद टेबलावर ठेवला. सायनसचा एक्स-रे. एंडोस्कोपीचा रिपोर्ट, त्यात जठराला सौम्य सूज. दोनदा बदललेल्या चष्म्याच्या नंबराचे कागद. मानेचा एक्स-रे आणि त्यावरून मिळालेला पट्टा. शेवटी सीटी स्कॅन, नॉर्मल. एवढ्या सगळ्या चौकशांत कुणी विचारलं नव्हतं ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नाही हो. खोलीत अंधार करून पडते. मुलांना टीव्ही लावू देत नाही. कुकरची शिट्टीसुद्धा डोक्यात घुसते. फोडणीच्या वासानं उमासे येतात. उलटी पडली की थोडं बरं वाटतं, मग झोप लागते. पित्तच आहे माझं." श्रोतेहो, ही अर्धशिशी आहे. मायग्रेन. निदानासाठी आणखी एकाही कागदाची गरज नव्हती.

आजच्या सगळ्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आपल्या घराघरांत जिला पित्ताची डोकेदुखी म्हणतात, ती फार मोठ्या प्रमाणात अर्धशिशी असते. लोकांचं निरीक्षण चुकीचं नाही. मळमळ खरी, उलटी खरी, उलटीनंतर उतार पडतो तोही खरा. पण सुरुवात पोटात होत नाही. झटका मेंदूत सुरू होतो आणि त्याचा एक परिणाम म्हणून जठराचं काम मंदावतं. अन्न पुढे सरकत नाही, आंबट पाणी वर येतं. म्हणून पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊनही झटके थांबत नाहीत. आणि म्हणूनच झटका भरात असताना गिळलेली वेदनाशामक गोळीही जठरात पडून राहते. गोळी लागू पडत नाही असं सांगणाऱ्या कितीतरी जणांनी ती फक्त उशिरा घेतलेली असते.

सायनसचंही तेच. अमेरिकेत २००४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सायनसची डोकेदुखी आहे असं स्वतः मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २९९१ लोकांची नीट हकीगत घेतली, तेव्हा त्यांतल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या जातीची निघाली. मायग्रेनमध्ये नाक चोंदू शकतं, डोळ्यांतून पाणी येऊ शकतं, दुखणं गालात आणि कपाळात जाणवू शकतं. खऱ्या सायनसच्या आजारात घट्ट, पिवळा-हिरवा स्राव असतो, वास जातो, कधी ताप असतो, आणि तो दर महिन्याला दोन दिवस येऊन जात नाही. मानेचं कारण वेगळं आहे. चेहऱ्याच्या आणि मानेच्या वरच्या भागाच्या मज्जातंतूंचे संदेश मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मायग्रेनमध्ये मान आखडते, कधी झटक्याच्या आधीच आखडते. पट्टा लावून ती सुटत नाही. चष्म्याचा नंबर डोळे थकवतो, पण अंधारात झोपायला लावणारं आणि उलटी काढणारं दुखणं तो देत नाही. आणि थोडाफार वाढलेला रक्तदाब डोकं दुखवत नाही. डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी सोडणारे आणि डोकं दुखतं म्हणून बीपीवर खापर फोडणारे, दोघांचाही हिशेब चुकतो.

मायग्रेनची ओळख अशी. उपचार केला नाही तर झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, पण दोन्ही बाजूंनी दुखलं म्हणजे मायग्रेन नाही असं नव्हे. जिना चढला, खाली वाकलं की ठणका वाढतो. मळमळ किंवा उलटी असते, अथवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. असे निदान पाच झटके होऊन गेले असतील आणि दुसरं कारण दिसत नसेल, तर निदान पक्कं. झटक्याच्या आदल्या दिवशी काहींना सारख्या जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, चिडचिड होते. मग डोकं दुखल्यावर दोष त्या गोड खाण्याला दिला जातो. खरं तर ती खा-खा ही झटक्याचीच पहिली पायरी असते.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या, नागमोडी रेघा दिसतात, मधोमध एक भाग दिसेनासा होतो, कधी बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या सरकत जातात. हा ऑरा. तो हळूहळू पसरतो आणि ५ ते ६० मिनिटांत ओसरतो. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला असा ऑरा येई. तो डोळ्यांपुढची आकृती मिनिटामिनिटाला कागदावर काढून ठेवायचा. १९४१ साली त्यानं त्यावरून हिशेब मांडला की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगानं सरकत असलं पाहिजे. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, आरिस्तिदेस लेआँव या ब्राझिलियन संशोधकानं सशाच्या मेंदूत अगदी तशी सरकत जाणारी लाट दाखवली. एका रुग्णानं स्वतःच्या दुखण्याची नोंद नेटानं ठेवली, तर केवढं काम होतं त्याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. व्यवहारातला मुद्दा एवढाच, की ऑरा पसरत येतो, पक्षाघात बहुधा एकदम येतो. आयुष्यात पहिल्यांदाच असं काही झालं, तर तो ऑरा आहे की पक्षाघात हे घरी बसून ठरवू नका. आणि ज्या स्त्रीला ऑरा येतो तिनं इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये. तिला पक्षाघाताचा धोका वाढतो. हे आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतःहून सांगा.

झटका येतो कसा? मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. माणूस जागा असताना मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते ती म्हणूनच. दुखतात ती त्याभोवतीची आवरणं आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या. त्यांना वेढणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून झटक्याच्या वेळी सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि ठणका सुरू होतो. हे उलगडणाऱ्या एडविनसन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघांना २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. मायग्रेन हा मनाचा खेळ नाही, कामचुकारपणा नाही, हे सासरी-माहेरी आणि कचेरीत सांगायला एवढा पुरावा पुरे आहे.

तरी सांगावं लागतं, कारण हा आजार पुरुषांच्या सुमारे तिप्पट स्त्रियांना होतो. निमहान्स या मनोविकार आणि मेंदूविकारांच्या संस्थेतल्या संशोधकांनी बेंगळुरू शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा वर्षभरात मायग्रेन झालेली माणसं चारांत एक भरली. जगाची सरासरी सातांत एकाच्या आसपास आहे. पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरतं तेव्हा झटका येतो, गरोदरपणात अनेकींना आराम पडतो, पाळी जाण्याच्या वयात पुन्हा उचल होते. त्यात आपले सणवार. हरतालिकेचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कडक उपवास, कुणाचा निर्जळी. रात्री जागरण. दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावरून अंघोळ, ओले केस तसेच बांधून स्वयंपाकघरात, मोदकांची वाफ, उदबत्तीचा धूर, आणि आरती होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत पोटात काही नाही. उपाशीपोट, जागरण, पाणी न पिणं, उग्र वास, ही सगळी मायग्रेन चेतवणारी कारणं आहेत आणि ती एकाच स्त्रीच्या वाट्याला चोवीस तासांत येतात. डोक्यावरून अंघोळ केली की डोकं उठतं, असं आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. मुंबईच्या डॉ. के. रविशंकर यांनी ९४ भारतीय रुग्णांचा तपशील २००६ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला, तेव्हा ते वैद्यकीय लेखनात रीतसर नोंदलं गेलं. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. अर्धशिशी असलेल्या बाईनं निर्जळी करू नये, फलाहार वेळेवर घ्यावा, चहा एकदम तोडू नये, केस दुपारी धुवून लगेच वाळवावेत. आणि चतुर्थीच्या पहाटे वाफेपुढे दुसरं कुणीतरी उभं राहावं, एवढंच म्हणते.

लहान मुलांतही हा आजार असतो. मूल पांढरं पडतं, पोट दुखतं म्हणतं, ओकतं, झोपतं आणि दोन तासांनी उठून खेळायला जातं. त्याला ढोंगी म्हणू नका. सकाळचा नाश्ता आणि पाण्याची बाटली एवढ्यावर कितीतरी मुलं सुधारतात.

ताणाची डोकेदुखी सगळ्यांत जास्त आढळते आणि तिच्याविषयी सांगायचं थोडं आहे. दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं, जड वाटतं; ठणकत नाही, उलटी नाही, जिना चढून वाढत नाही. माझ्या प्रश्नाला या लोकांचं उत्तर असतं, "काय करणार, काम करत राहतो." कधीमधी पॅरासिटामॉल पुरतं. महिन्यातले निम्मे दिवस असं होत असेल, तर झोप, काळजी, उदासी यांकडे पाहावं लागतं आणि रात्री कमी मात्रेत घ्यायचं ॲमिट्रिप्टिलीन उपयोगी पडतं.

तिसऱ्या तऱ्हेचा माणूस त्या प्रश्नाला म्हणतो, "मला बसवत नाही. येरझाऱ्या घालतो. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं." ही क्लस्टर डोकेदुखी, पुरुषांत अधिक. एका डोळ्यात आणि डोळ्याभोवती भयंकर कळ, तोच डोळा लाल, त्याच बाजूचं नाक वाहणारं, पापणी उतरलेली. १५ मिनिटं ते ३ तास, पुष्कळदा रात्री ठरावीक वेळी झोपेतून उठवणारी, काही आठवडे रोज येऊन मग महिनोन्‌महिने गायब होणारी. यांतल्या कित्येकांच्या दाढा विनाकारण काढलेल्या असतात. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला १२ ते १५ लिटर वेगानं पंधरा मिनिटं दिला, की बहुतेकांची कळ थांबते. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शनही काम करतं आणि झटक्यांचं सत्र थोपवायला व्हेरापामिल असतं. या माणसाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवायला एक आठवडाही दवडू नये, कारण या वेदनेत माणसं जिवाचं बरंवाईट करायच्या विचारापर्यंत जातात. दात घासताना किंवा वाऱ्याच्या झुळुकीनं चेहऱ्यावर विजेचा झटका बसावा तशी क्षणिक कळ येत असेल तर ते आणखी वेगळं, मज्जातंतूचं दुखणं. त्यावर कार्बामाझेपिन हे जुनं, स्वस्त औषध उत्तम चालतं. तिथेही दाढ काढण्याआधी विचारा.

आता मायग्रेनच्या औषधांविषयी सविस्तर. झटक्यावरची गोळी दुखणं सौम्य असतानाच, पहिल्या तासाभरात घ्यायची आणि पुरेशी घ्यायची. मोठ्या माणसासाठी पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, किंवा आयबुप्रोफेन ४००, किंवा नॅप्रोक्सेन ५००. मळमळ असेल तर जठर पुढे ढकलणारं, उलटी थांबवणारं औषध त्याबरोबर. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गोळ्यांनी वाढणारा दमा, रक्त पातळ करणारी औषधं, यांतलं काही असेल तर आयबुप्रोफेन-नॅप्रोक्सेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर स्त्रीला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. पावसाळ्यात तापाबरोबर डोकं दुखत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. यांनी भागलं नाही तर ट्रिप्टान वर्गातली औषधं आहेत. सुमाट्रिप्टान १९९१ पासून वापरात आहे आणि तरी आपल्याकडच्या असंख्य रुग्णांनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांनी मात्र ते घ्यायचं नाही.

आणि इथेच मोठा सापळा आहे. दुकानातून न विचारता मिळणारी गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर ती गोळीच रोजची डोकेदुखी तयार करते. कॅफीनसह दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, अर्गटच्या गोळ्या, ट्रिप्टान आणि अफूच्या वर्गातली वेदनाशामकं यांना तर महिन्याला १० दिवसही पुरतात. पर्सच्या कप्प्यात पाकीट, उशीखाली पाकीट, कचेरीच्या ड्रॉवरमध्ये पाकीट. सकाळी उठल्यावर डोकं दुखेल या धास्तीनं चहाबरोबर एक गोळी. असं आयुष्य मी रोज पाहते. या माणसांना व्यसनी म्हणू नका, त्यांना कुणी वेळेवर हे सांगितलं नाही. इलाज म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गोळी थांबवणं आणि प्रतिबंधक औषध सुरू करणं. अफूच्या वर्गातली गोळी असेल तर ती एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवायची. पहिले दोन ते दहा दिवस कठीण जातात, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. घरच्यांनी त्या दिवसांत साथ दिली तर बहुतेक लोक यातून बाहेर येतात. आठवड्यात दोन दिवसांहून जास्त वेळा वेदनाशामक लागत असेल, तर तेव्हाच डॉक्टरांकडे या. पंधरा दिवसांपर्यंत पोचू नका.

प्रतिबंधक औषधं रोज घ्यायची असतात. महिन्यात चार किंवा जास्त दिवस मायग्रेनमध्ये जात असतील, तर ती जरूर विचारात घ्यावीत. प्रोप्रानोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन ही आपल्याकडे सहज मिळणारी, परवडणारी नावं. घोळ असा होतो, की कुणीतरी सांगतं, "अगं, ही तर बीपीची गोळी," किंवा "हे नैराश्याचं औषध," किंवा "फीटचं," आणि आठव्या दिवशी औषध बंद होतं. ही औषधं त्या आजारांवर चालतात हे खरं आणि मायग्रेनवर वेगळ्या कारणानं चालतात हेही खरं. त्यांचा गुण दोन-तीन महिन्यांनी पाहायचा असतो. झटके निम्म्यावर आले तर औषध यशस्वी. दमा असलेल्याला प्रोप्रानोलॉल चालत नाही. मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रीला याच कामासाठी वापरलं जाणारं व्हॅलप्रोएट देणं टाळावं आणि टोपिरामेटही विचारपूर्वकच द्यावं. सीजीआरपीला थेट अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून आली आहेत. ती चांगली आहेत, महाग आहेत. साधी औषधं नीट देऊन झाल्यावरच तिकडे वळावं.

औषधाइतकंच मोलाचं सांगते. स्वीडनमधल्या एका चाचणीत, २०११ साली, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांचा व्यायाम करणाऱ्यांचे झटके टोपिरामेट घेणाऱ्यांइतकेच कमी झाले. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी झोप, रविवारीसुद्धा. बाम, थंड पाण्याची पट्टी, डोकं घट्ट बांधणं यांनी बरं वाटत असेल तर खुशाल करा. सुंठीचा दाट लेप तासन्‌तास ठेवून कपाळाची कातडी पोळलेली मी पाहिली आहे, तेवढं सांभाळा.

आता माझी विनंती. आपल्यापैकी बऱ्याच घरांत भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्यावर दुधाचा हिशेब लिहिलेला असतो. त्याच चौकोनात, ज्या दिवशी डोकं दुखलं त्या दिवशी एक फुली करा. गोळी घेतली तर फुलीला गोल करा. पाळीचा पहिला दिवस, उपवास, जागरण, एकेक अक्षर पुरे. दोन महिने हे करा, ती दोन पानं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पित्त आहे की सायनस हे सांगण्याऐवजी, डोकं दुखतं तेव्हा आपण काय करतो ते सांगा. ज्यांचं स्वतःचं डोकं दुखत नाही त्यांनी घरात ज्याचं दुखतं त्याची ही नोंद ठेवावी, कारण झटक्याच्या दिवशी त्या माणसाला पेन उचलण्याचंही बळ नसतं.